बल्बवरची चिठ्ठी

वीज वाचवणारा एक बल्ब विकायला ठेवला आहे. साध्या बल्बपेक्षा महाग, पण टिकतो कितीतरी जास्त, आणि विजेच्या बिलात ती जादा किंमत केव्हाच भरून निघते. त्याच्या खोक्यावर ‘पर्यावरण वाचवा’ अशी छोटीशी चिठ्ठी चिकटवली तर खप वाढेल की घटेल? बहुतेक जण म्हणतील वाढेल, फार तर काहीच फरक पडणार नाही. अमेरिकेत डेना ग्रोमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. भाग घेणाऱ्यांना खर्चायला थोडे पैसे दिले, विजेच्या बचतीची माहिती सगळ्यांना सारखीच दिली, आणि दोनांपैकी एक बल्ब घ्यायला सांगितले. चिठ्ठी कोरी होती तेव्हा डाव्या आणि उजव्या विचारांच्या माणसांच्या निवडीत फारसे अंतर नव्हते. तिच्यावर ‘पर्यावरण वाचवा’ हे शब्द आले तेव्हा मात्र परंपरावादी विचारांकडे झुकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या महाग बल्बकडे पाठ फिरवली. दोन्ही बल्बांची किंमत सारखी ठेवली, तर जवळजवळ सगळ्यांनी वीज वाचवणाराच उचलला.

या माणसांना हिशेब कळत नव्हता असे नाही. चिठ्ठीने बल्बबद्दल नवे काहीच सांगितले नव्हते. तिने सांगितले ते बल्ब घेणाऱ्याबद्दल: हा माणूस कोणत्या गोटातला आहे ते. तो गोट आपला नाही असे ज्यांना वाटले ते बाजूला झाले. आता हवा, पाणी, धूर हे काही पक्षीय विषय नव्हेत. धूर कोणाचे मत विचारून फुप्फुसात शिरत नाही. तरीही पर्यावरण ही एका गोटाची खूण कशी बनते, आणि एकदा बनल्यावर पलीकडच्या माणसाशी त्याबद्दल बोलायचे तर कसे, या प्रश्नांवर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत बरेच काम केले आहे. या कामाचा मला लागणारा अर्थ असा, की पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे नीतीच्या एकाच अंगाने बोलत राहिले. बाकीची अंगेही तितकीच खरी होती, पण ती वापरलीच गेली नाहीत.

७३ विरुद्ध ०

अमेरिकेतली ही फूट जुनी नाही. जून १९६९ मध्ये क्लीव्हलँड शहरातल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. नदी जळते ही बातमी देशभर गाजली आणि प्रदूषणाविरुद्धच्या संतापाला एक चेहरा मिळाला. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्याचे प्रवर्तक गेलॉर्ड नेल्सन हे डेमोक्रॅट, तर त्यांचे सहअध्यक्ष पीट मॅक्लॉस्की रिपब्लिकन. त्याच वर्षी स्वच्छ हवेचा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यावर सही केली. पर्यावरण संरक्षण संस्थाही निक्सन यांच्याच काळातली. ओझोनच्या थराला वाचवणाऱ्या माँट्रियल कराराच्या वेळी, १९८७ साली, रोनाल्ड रेगन सत्तेवर होते, आणि आम्लवर्षा रोखणाऱ्या १९९० च्या कायद्यामागे थोरले जॉर्ज बुश उभे होते. त्यानंतर २०२२ साली हवामानबदलावर मोठी तरतूद करणारा कायदा त्याच सिनेटपुढे आला तेव्हा मते पडली ५० विरुद्ध ५०. उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने तो तरला. एकाही रिपब्लिकन सदस्याने बाजूने मत दिले नाही.

मधल्या तीसेक वर्षांत काय घडले याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतली काही थेट पैशाची आहेत. तेल, कोळसा आणि मोटारउद्योगांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ ही संघटना काढली आणि हवामानशास्त्राबद्दल संशय पेरायला सुरुवात केली. हे विसरून सगळा दोष पर्यावरणवाद्यांच्या भाषेवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण पेरलेला संशय एकाच बाजूला एवढा का रुजला, हा प्रश्न उरतोच. लोकांना विज्ञान समजावून सांगितले की वाद मिटेल, ही समजूत डॅन कहान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासाने खोटी ठरवली. विज्ञानाची आणि आकडेमोडीची जाण जसजशी वाढत जाते, तसतसे हवामानबदलाच्या धोक्याबद्दल दोन्ही बाजूंचे अंतर कमी होण्याऐवजी वाढत जाते, असे त्यांना आढळले. हुशार माणूस आपली हुशारी आपल्या गोटाचे मत राखायला वापरतो. तेव्हा अडचण माहितीच्या तुटवड्याची नव्हती. ती आणखी खोल, नीतीच्या थरावर होती.

भुवनेश्वरमधून आलेला धागा

इथे या कहाणीचा धागा थेट भारतात येतो. शिकागो विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वरच्या जुन्या देवळांच्या परिसरात आणि शिकागोत, दोन्हीकडे लोकांना काही प्रसंग सांगून विचारले की यात चूक काय आणि किती गंभीर. त्यांतला एक प्रसंग असा: वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. भुवनेश्वरच्या ब्राह्मणांच्या लेखी हे अत्यंत गंभीर पाप होते. शिकागोतल्या माणसांना त्यात वावगे काहीच दिसेना, कारण कोणाला इजा झाली नव्हती, कोणाचा हक्क हिरावला गेला नव्हता. सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला यातला पेच समजावून सांगावा लागणार नाही. इजा आणि हक्क यांच्यापलीकडेही माणसे नीती-अनीती मोजतात, आणि ते मोजमाप त्यांना तितकेच खरे वाटते.

श्वेडर यांच्याबरोबर काम केलेल्या जोनाथन हाइट यांनी १९९३ मध्ये भुवनेश्वरमध्ये काही महिने काढले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘नैतिक पायांचा सिद्धांत’ मांडला. माणसाची नीती एकाच पायावर नसून निदान पाच पायांवर उभी असते, असा त्याचा आशय: दुबळ्याची काळजी, न्याय्य वाटा, आपल्या समूहाशी निष्ठा, अधिकाराचा व परंपरेचा मान आणि पावित्र्य. हाइट यांनी याला जिभेवरच्या चवींची उपमा दिली आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात ती चांगली बसते. मीठ, चिंच, गूळ, तिखट सगळ्यांच्या जिभेला कळते, पण आमटीत कशाचे प्रमाण किती हे घराघराचे वेगळे. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये उदारमतवाद्यांचा भर मुख्यतः काळजी आणि न्याय या दोन चवींवर दिसला, तर परंपरावाद्यांनी पाचही चवींना बऱ्यापैकी सारखे वजन दिले. या सिद्धांतावर वाद आहेत. कर्ट ग्रे यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की सगळ्या नीतीच्या मुळाशी शेवटी कोणाला तरी होणाऱ्या अपायाचीच कल्पना असते. पाया एक की पाच हा वाद तज्ज्ञांना लढू द्या. कोणती हाक कोणाच्या मनाला भिडते यात फरक असतो, एवढे आपल्या कामापुरते पुरे आहे.

आता पर्यावरणाचे नेहमीचे संदेश आठवून पाहा. वितळत्या बर्फावरचे अस्वल, तोडलेल्या झाडांची खोडे, तडे गेलेली जमीन, उद्याच्या पिढ्यांचे भवितव्य. हे सगळे एकाच पायावर उभे आहे: कोणीतरी दुबळे आहे, त्याला इजा होते आहे, त्याची काळजी घ्या. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांनी वर्तमानपत्रांतले लेख आणि यूट्यूबवरच्या जनहितार्थ चित्रफिती तपासल्या, तेव्हा पर्यावरणाची बाजू मुख्यतः याच अंगाने मांडलेली त्यांना आढळली. ज्याच्या मनात काळजीची तार सहज वाजते, त्याला पर्यावरण हा नीतीचा प्रश्न वाटतो. ज्याच्या मनात निष्ठा, परंपरा किंवा पावित्र्य यांच्या तारा जास्त ताणलेल्या, त्याला तो दुसऱ्या कोणाचा तरी जिव्हाळ्याचा विषय वाटतो. मग तो विषय ‘त्यांचा’ होतो.

कचऱ्याने भरलेले जंगल

फाइनबर्ग आणि विलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. लोकांचे तीन गट केले. पहिल्याला निसर्गाच्या हानीबद्दलचा मजकूर वाचायला दिला, सोबत छायाचित्रे होती ती उजाड झालेल्या जंगलाची, मेलेल्या प्रवाळांची, दुष्काळी जमिनीची. दुसऱ्याला मजकूर दिला तो घाणीबद्दलचा: आपले पाणी, हवा आणि अन्न कसे बाटले आहे आणि ते स्वच्छ करणे किती गरजेचे आहे. या गटाच्या छायाचित्रांत शहरावर दाटलेला धुराचा ढग, गढूळ पाणी पिणारा माणूस आणि कचऱ्याने भरलेले जंगल होते. तिसऱ्या गटाला नेकटायच्या इतिहासावरचा मजकूर दिला, म्हणजे तुलनेला कोरी पाटी राहावी. नंतर सगळ्यांना पर्यावरणरक्षणाबद्दल तेच प्रश्न विचारले.

हानीचा मजकूर वाचलेल्या गटात उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यातली दरी नेहमीसारखीच राहिली. घाणीचा मजकूर वाचलेल्या गटात ती बरीच अरुंद झाली, कारण परंपरावादी पुढे सरकले. तापमानवाढ खरी आहे असे मानण्याकडेही त्यांचा कल वाढला, आणि मजकुरात तर तापमानवाढीचा पुरावा म्हणून काही दिलेले नव्हते. मध्ये काम करत होती किळस. घाणीचा मजकूर वाचून किळस जितकी जास्त, तितका पर्यावरणाला पाठिंबा जास्त.

असे का व्हावे? किळस ही शरीराची जुनी राखण आहे. सडलेले अन्न, दूषित पाणी, रोगट वस्तू यांपासून ती आपल्याला दूर ठेवते, विचार करायला वेळ न देता. माणसांनी तिच्यावर पावित्र्याची कल्पना उभी केली. देऊळ, चर्च, नदीचा उगम, आईचे शरीर, अशा काही गोष्टी विटाळू नयेत ही भावना त्यातलीच. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणे हे माशांच्या दृष्टीने हानी आहे आणि नदीच्या दृष्टीने विटंबना. दोन्ही विधाने खरी आहेत. दुसरे ऐकल्यावर ज्याला पहिल्यांदा चीड येते, त्याला इतकी वर्षे फक्त पहिले ऐकवले जात होते.

पावित्र्याशिवाय दुसऱ्या तारेवरही हे चालते. क्रिस्टोफर वोल्स्को आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्ठेची तार छेडून पाहिली. निसर्ग राखणे ही देशभक्ती आहे, वाडवडिलांनी दिलेल्या भूमीचा मान आहे, अशी मांडणी त्यांनी केली, आणि परंपरावाद्यांची मते पर्यावरणाच्या बाजूला झुकली.

टेक्सासचे रस्ते, जॉर्जियाची छपरे

प्रयोगशाळेच्या बाहेर, हा सिद्धांत लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी, टेक्सासच्या महामार्ग खात्याला हेच सुचले होते. रस्त्यावर कचरा फेकणाऱ्यांत पिकअप ट्रक चालवणारे तरुण पुरुष आघाडीवर होते, आणि ‘कृपया कचरा टाकू नका’ या विनवणीचा त्यांच्यावर परिणाम शून्य होता. जीएसडीअँडएम या ऑस्टिनच्या जाहिरातसंस्थेने १९८६ मध्ये विनवणी सोडून घोषवाक्य दिले: ‘डोन्ट मेस विथ टेक्सास’. टेक्सासच्या वाटेला जाल तर याद राखा, असा त्याचा रोख. पहिल्या जाहिरातीत टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन होता, दुसऱ्या एकीत डॅलस काउबॉइज संघाचे धिप्पाड फुटबॉलपटू रस्त्याकडेचा कचरा उचलत होते. पर्यावरण हा शब्द उच्चारायची गरजच पडली नाही. आपल्या राज्याचा अपमान करणारा तो परका, आणि अपमान सहन न करणारा तो खरा टेक्सासवाला. महामार्गांवरचा कचरा पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जाते. सगळे श्रेय घोषवाक्याला देता येत नाही, कारण स्थानिक मंडळांनी रस्त्याचा एकेक तुकडा दत्तक घेऊन साफ ठेवायची योजनाही टेक्सासमध्ये त्याच सुमाराला सुरू झाली होती. पण ती योजनासुद्धा निष्ठेच्याच पायावर उभी होती.

जॉर्जियात २०१३ मध्ये घडले ते याहून अवघड होते, कारण तिथे प्रश्न विजेच्या धोरणाचा होता. टी पार्टी या कडव्या उजव्या चळवळीच्या अटलांटातल्या संस्थापकांपैकी एक, डेबी डूली, सौरऊर्जेच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे ऐका: वीज कंपनीची मक्तेदारी हा मुक्त बाजार नव्हे, आपल्या छपरावर आपली वीज तयार करणे हा घरमालकाचा हक्क आहे, आणि सरकारच्या आश्रयाने वाढलेल्या कंपनीने त्यात आडवे येऊ नये. सिएरा क्लब ही पर्यावरणवाद्यांची जुनी संस्था त्यांच्या जोडीला आली. राज्याच्या वीज नियामक मंडळावर पाचही सदस्य रिपब्लिकन होते. त्यांनी ३ विरुद्ध २ मतांनी जॉर्जिया पॉवर कंपनीला ५२५ मेगावॉट सौरऊर्जा घ्यायला भाग पाडले. डूली आणि सिएरा क्लब यांची कारणे वेगवेगळी होती. पॅनेल एकच होते.

मांडणीच्या मर्यादा

एवढ्यावरून शब्द बदलले की काम झाले असे कोणी म्हणेल, तर ते भाबडेपणाचे ठरेल. टोमास बर्नाउअर आणि लियाम मॅक्ग्रा यांनी २०१६ मध्ये हवामानधोरणाचे समर्थन आरोग्य, अर्थव्यवस्था, समाजाची बांधणी अशा निरनिराळ्या अंगांनी मांडून पाहिले. पाठिंब्यात म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. शिवाय प्रयोगात माणूस एकच मजकूर वाचतो, बाहेर त्याच्या कानावर उलट बाजूचाही मजकूर दिवसभर पडत असतो. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. मांडणीमुळे बंद दार थोडे किलकिले होते, आणि उलट प्रचाराचा रेटा ते पुन्हा लोटून देऊ शकतो. त्या किलकिल्या दारातून पुढे काय न्यायचे, आणि कोणी न्यायचे, यावर बाकीचे अवलंबून आहे.

‘काय न्यायचे’ याबद्दल ट्रॉय कॅम्पबेल आणि आरन के यांचा २०१४ चा अभ्यास फार बोलका आहे. हवामानशास्त्राचे तेच विधान रिपब्लिकनांपुढे ठेवले, फक्त सोबतचा उपाय बदलला. उपाय सरकारी निर्बंधांचा होता तेव्हा विधान मानणारे २२ टक्के होते, बाजारातून येणाऱ्या तंत्रज्ञानाचा होता तेव्हा ५५ टक्के. उपाय नकोसा असला की माणूस रोगच नाकारतो. नुसती भाषा बदलून उपाय तोच ठेवला, तर ऐकणारा शहाणा असतो, त्याला ते कळते. ‘कोणी न्यायचे’ याचे उदाहरण २०१५ चे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीच्या रक्षणाला धर्माचा आधार दिला. पावित्र्य, परंपरा, अधिकार, सगळेच त्यात होते. तरीही अमेरिकेतल्या पाहणीत परंपरावादी कॅथलिकांची मते हलली नाहीत, उलट या विषयातली पोपची विश्वासार्हताच त्यांच्या नजरेत उतरली. गोटाची पकड इतकी घट्ट असते. दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस हवामानबदल खरा मानू लागले आणि २०१० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मोठ्या फरकाने पडले. नंतर त्यांनी आपल्याच पक्षाच्या लोकांशी मुक्त बाजाराच्या भाषेत बोलणारी संस्था काढली. या कामाला वेळ लागतो, आणि किंमत मोजणारी आपली माणसे लागतात.

दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा. समोरच्याला आवडेल ते बोलणे ही लबाडी नव्हे का? न पटणारी गोष्ट पटल्यासारखी बोलली तर नक्कीच आहे. पण प्रदूषण हानी करते, अन्याय करते, देशाची जमीन नासवते आणि पवित्र मानलेले पाणी बाटवते, हे सगळे एकाच वेळी खरे असेल, तर त्यातले एकच पुन:पुन्हा सांगत राहणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा होत नाही. फाइनबर्ग आणि विलर यांनी २०१५ मध्ये लोकांना मुद्दाम विरुद्ध बाजूला पटवून देणारा मजकूर लिहायला सांगितला. समलिंगी विवाहाची बाजू परंपरावाद्यांना पटवायची होती तेव्हा फक्त सुमारे ९ टक्के उदारमतवाद्यांनी परंपरावाद्यांच्या मूल्यांचा आधार घेतला. इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा व्हावी हे उदारमतवाद्यांना पटवताना परंपरावाद्यांपैकी असे करणारे सुमारे ८ टक्के. म्हणजे खोड दोन्हीकडे सारखी आहे. दुसऱ्याला काय पवित्र वाटते हे मनापासून समजून घ्यायचे कष्ट आपण सहसा घेत नाही.

पावित्र्याची धार

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि मराठी वाचकाला तो आधीच सुचला असेल. पावित्र्याच्या भाषेने आपल्याकडे काय केले आहे ते आपण जाणतो. घाणीची किळस घाण उपसणाऱ्या माणसावर वळली आणि पाणवठे बंद झाले. अमेरिकेचा इतिहासही निर्मळ नाही. कॅलिफोर्नियातले उत्तुंग रेडवुड वृक्ष वाचवण्यासाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांत मॅडिसन ग्रँट होते. त्याच ग्रँट यांनी १९१६ मध्ये वंशशुद्धीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, आणि स्थलांतरावर कडक निर्बंध घालणाऱ्या १९२४ च्या कायद्याला त्यांच्या विचारांचे बळ मिळाले. जंगल शुद्ध राखण्याचा आणि माणसे गाळण्याचा विचार एकाच डोक्यात सुखाने नांदत होता. म्हणून पावित्र्याची तार छेडणाऱ्याने एक पथ्य पाळलेच पाहिजे: किळस यायची ती विषाची, नळाची, धुराड्याची, आणि नाव घ्यायचे ते सोडणाऱ्याचे. वस्तीचे नाही, जातीचे नाही, बाहेरून आलेल्यांचे नाही.

हे पथ्य पाळता येते. गणेशमूर्तींच्या विसर्जनाचा महाराष्ट्रातला वाद अमेरिकेसारखा पक्षांचा नाही, पण तारा त्याच आहेत. मासे मरतात, पाण्यात रसायने उतरतात, हे सांगितले की काहींना ते आपल्या सणावर बोट ठेवल्यासारखे वाटते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वाळूत प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात, सोंडा, अर्धे मुकुट पडलेले असतात आणि कालपर्यंत आरती ओवाळलेल्या मूर्तीवरून लोक वाट काढत चालतात. पार्थिव म्हणजे मातीची मूर्ती पाण्यात विरून जाते, ही मूळ रीत. न विरणारी मूर्ती आणणे हीच तिची अवहेलना, हा मुद्दा भाविकाच्या घरातून येतो, त्याच्या घरावर येत नाही. त्यात कोणत्याही माणसाला अपवित्र ठरवावे लागत नाही.

अमेरिकेत इव्हँजेलिकल एन्व्हायर्नमेंटल नेटवर्क या ख्रिस्ती संस्थेनेही २०११-१२ च्या सुमारास असेच केले. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून पारा बाहेर पडतो, पावसाबरोबर तळ्यांत उतरतो, माशांच्या शरीरात साठतो, मासे खाणाऱ्या गरोदर बाईच्या रक्तातून वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो आणि त्याच्या वाढत्या मेंदूला अपाय करतो. ही साखळी विज्ञानाने दाखवलेली होती. गर्भातल्या जिवाचे रक्षण हाच ज्यांच्या राजकारणाचा गाभा, त्या मतदारांना या संस्थेने विचारले की पाऱ्यावर मर्यादा घालणाऱ्या नियमाला तुम्ही विरोध कसा करता? धार्मिक उजव्यांतल्याच काही गटांनी यावर चिडून आक्षेप घेतला की गर्भरक्षणाचे नाव भलत्या कामाला वापरले जात आहे. मग त्या मंडळींमध्ये आपापसात वाद झाला: गर्भ वाचवायचा म्हणजे नेमके कशापासून वाचवायचा, आणि त्यात वीजकेंद्राचे धुराडे धरायचे की नाही.